मेंटरचे हात पाठीमागे

आमच्या घरात एकाच माणसाला तीन आवाज आहेत आणि ते तिन्ही मला काढता येतात. माणूस म्हणजे माझी आत्या, जयवंती पोतनीस. देवासला घरी, बापूसाहेबांशी, म्हणजे तिच्या वडिलांशी, ती असलं मराठी बोलते की पुण्याचे पाहुणे चहाचा कप खाली ठेवून बघत राहतात. "औषध घेतलेंत का? मजला खरें काय ते सांगावें." सरकारी दवाखान्यातल्या नर्सांशी हिंदी. "बेटा, मेरा चेहरा मत देखो, मरीज का देखो." आणि खेड्यातल्या बायांशी माळवी, ती तर अशी की बाई खाटेवर अर्धी बरी होते. "कंई वात है बेन, घबरावे मती."

कोणी आलं की भाऊ, म्हणजे माझे बाबा, हाक मारतात, "वल्लरी, जयूचं करून दाखव." मी कमरेला ओढणी खोचते, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणते आणि तिन्ही आवाज एका दमात काढते. सगळ्यांत जास्त आत्याच हसते. मग डोळे पुसून चूक काढते. "मी 'बेटा' आधी म्हणते गं. शेवटी म्हटलं तर रागावल्यासारखं वाटतं."

पोतनीस म्हणजे संस्थानच्या खजिन्यावरचे. त्यामुळे आमच्याकडे शिक्षक चालतो, वकील चालतो, देवळात पूजा सांगणाराही चालतो. नर्स चालते की नाही, हे आत्या बारावी झाली तेव्हा कोणाला ठाऊकच नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं. तिने विचारलं नाही, सांगितलं. बापूसाहेब आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी स्वतः तिची ट्रंक बांधली आणि एवढंच म्हणाले, "हात स्वच्छ ठेवावेत." आत्या इंदूरला शिकली आणि मग बावीस वर्षं धार जिल्ह्यातल्या दवाखान्यांत बाळंतपणं केली. निसरपुरकडे धरणाचं पाणी चढत होतं आणि लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते, तेव्हा शेडमध्येही केली. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणते, "वेळ कोठें होता?"

गेली चार वर्षं ती मेंटर आहे. मेंटर म्हणजे नर्सांना शिकवणारी नर्स. धार आणि देवास मिळून अकरा छोटी सरकारी रुग्णालयं तिच्याकडे. महिन्यातून एक दिवस प्रत्येक ठिकाणी जायचं, तिथल्या नर्सांचं काम बघायचं आणि संकट आलं तर काय करायचं त्याची तालीम घ्यायची. तिच्या पिशवीत एक रबरी बाळ असतं. त्याचं नाव तिने मोरोपंत ठेवलंय. अकराही रुग्णालयांत तिच्याआधी त्याची चौकशी होते. "दीदी, मोरोपंत आए क्या?"

तिचा एक नियम आहे. खरा रुग्ण आला की शिकवणाऱ्याने हात लावायचा नाही. "मेंटरचे हात पाठीमागे," असं ती म्हणते. "मी हात लावला की त्या मुलींचे हात लुळे पडतात. मी निघून गेल्यावर बाईला कोण धरणार?" म्हणून ती दारात उभी राहते, पाठीमागे एका हाताने दुसरं मनगट धरून, शाळेच्या रांगेत उभी असल्यासारखी.

आणि अकराही ठिकाणी चालणारी एक रीत होती. औषध वरून मोजून येतं, ते तालमीत वापरायचं नाही. मग नर्स काय करते? सिरिंज मांडीला लावल्यासारखं करते आणि म्हणते, "मान लो, दिया." लिहिणारी नर्स घड्याळ बघून कागदावर लिहिते, दिलं, इतके वाजून इतकी मिनिटं. तेवढं लिहिलं की पुढची पायरी. आत्याच्या गाडीतून हिंडून मी या 'मान लो'चे नाना प्रकार गोळा केले होते. एक सिस्टर ते नाकातून म्हणते. एक आरती संपवल्यासारखी लांबवते. जान्हवी म्हणून एक वर्षापूर्वी लागलेली आहे, ती इतक्या पटकन म्हणते की 'मालोदिया' हे कोणाचं तरी आडनाव वाटतं. हे मी केलं की घरात पोटं धरून हसायचे. आत्यासुद्धा.

यंदा मे महिन्यात तिने मला जान्हवीच्या रुग्णालयात नेलं. नाव सांगत नाही, तशी शपथ आहे. धार जिल्ह्यात आहे, एवढं पुरे. अकरांतलं हे तिचं सर्वांत लाडकं. तिथल्या मुख्य सिस्टर विनोदिनी. सलग तीन महिने त्यांना तालमीत पैकीच्या पैकी. आत्याला त्या दिवशी गोंधळ घालणारी सासू हवी होती, कारण, "नातेवाईक ओरडत असताना काम करता आलं पाहिजे. तू ओरड."

मी ओरडले म्हणजे काय! आत्या स्वतः टेबलावर बाळंतीण होऊन पडली, पोटाला लाल पाण्याची पिशवी बांधून. मी पदर डोक्यावर घेतला आणि सुनेला मारली, मांत्रिकाला बोलवा, असा कालवा सुरू केला. "हाय हाय, म्हारी लाड़ी ने मारी लाखी! कोई सुई मत लगाव! भोपा ने बुलाव!" मी दारात आडवी पडले. मी विनोदिनी सिस्टरचे पाय धरले. जान्हवीचा मास्क हसून हसून गळ्यात आला. टेबलावरची बाळंतीणही डोळे मिटून गदगदत होती आणि त्यामुळे रक्तस्राव जास्तच होत होता.

विनोदिनी सिस्टर मात्र ढळल्या नाहीत. त्यांचा आवाज म्हणजे बसस्टँडवरच्या घोषणेसारखा, चढ नाही, उतार नाही. "मदद बुलाओ. बच्चेदानी की मालिश चालू. ऑक्सीटोसिन दस यूनिट."

"मालोदिया!"

"पेशाब की थैली खाली करो."

"मान लो, की."

"ड्रिप."

"मान लो, चालू."

चार मिनिटांत सगळं. पैकीच्या पैकी. बाहेरच्या बाकावर खऱ्या बाळंतिणींची माणसं बसली होती, तीही दारातून बघत होती. त्यांत एक उंच, वाळलेल्या बांध्याची बाई होती, सुगनबाई. तिची सून रामकन्या आत भरती होती, दुसरी खेप. मी सासू करत असताना सगळे हसले. सुगनबाई नुसती बघत होती.

साडेअकराला रामकन्येला टेबलावर घेतलं. विनोदिनी सिस्टरनी आत्याकडे पाहिलं. आत्या म्हणाली, "बेटा, तुम्हारा है," आणि दारात जाऊन उभी राहिली. हात पाठीमागे.

मी शेजारच्या खोलीत होते. मधे फक्त हिरवा पडदा. मी लाल पाण्याची पिशवी धूत होते आणि कान तिकडे होता, माझा कान कुठे जात नाही? बाळ रडलं. विनोदिनी सिस्टर म्हणाल्या, "लड़की. ग्यारह इकतालीस." मग म्हणाल्या, "ऑक्सीटोसिन दस यूनिट." जान्हवी म्हणाली, "दिया." तिसरी सिस्टर लिहिताना मोठ्याने म्हणाली, "ग्यारह बयालीस."

बाळ झाल्यावर एका मिनिटाच्या आत हे इंजेक्शन द्यायचं असतं. त्याने गर्भाशय आकसतं आणि रक्त थांबतं. हे मलाही पाठ आहे, घरात जेवताना हेच ऐकू येतं.

काही वेळाने विनोदिनी सिस्टर म्हणाल्या, "खून ज्यादा है. मदद बुलाओ. मालिश चालू." तोच आवाज, तीच चाल. खरं सांगते, मला वाटलं किती हुबेहूब सकाळसारखं चाललंय. मी पिशवी पिळता पिळता त्यांच्याबरोबर ओठ हलवत होते. मी हसतही होते.

पडद्याच्या फटीतून आत्याची पाठ दिसत होती. पाठीमागच्या हातांतला अंगठा मनगटावर ताल धरत होता. ती खूष असली की असं करते. मुली बरोबर करत होत्या ना.

"पेशाब की थैली?"

"खाली की."

"ड्रिप?"

"चालू."

अंगठा थांबला.

"जान्हवी," आत्या म्हणाली, "आवाज नहीं आया."

"किसका, दीदी?"

"शीशी का."

औषधाची काचेची कुपी फोडताना मान मोडल्यासारखा आवाज होतो, टच. तीस वर्षं तो आवाज ऐकलेल्या बाईच्या लक्षात आलं की आज तो झालाच नाही.

"फूटी हुई शीशी दिखा."

"दीदी, दिया ना मैंने."

"दिखा."

आत्या आत गेली आणि पडदा तिच्या खांद्याबरोबर सरकला. मला जान्हवी दिसली. तिच्या मुठीत सिरिंज होती, रिकामी, सुईवर टोपण तसंच. पलीकडे सलाइनची बाटली स्टँडला लटकत होती आणि तिची नळी कुठेच जोडलेली नव्हती. मला वाटलं जान्हवी खोटं बोलत होती आणि पकडली गेली. पण तिचं तोंड तसं नव्हतं. ती ट्रेमध्ये फुटकी कुपी शोधत होती. आपण डोक्यावरचा चष्मा घरभर शोधतो, तशी. तिला सापडेल असंच वाटत होतं.

माझे हात पाण्यात तसेच राहिले. मग मी खाली पाहिलं. फरशीवरून काहीतरी पडद्याखालून माझ्या खोलीत आलं होतं. मला वाटलं माझीच पिशवी गळतेय. पिशवी माझ्या हातात होती.

आत्याचे हात पाठीमागून पुढे आले. ती हातमोजे चढवत होती आणि त्याच वेळी बोलत होती. "फ्रिज!"

विनोदिनी सिस्टर धावल्या आणि थांबल्या. फ्रिजला कुलूप होतं. खेड्यापाड्यांत हेच इंजेक्शन म्हशींना टोचतात, पान्हा लवकर सोडावा म्हणून. रुग्णालयातून कुप्या गायब व्हायच्या, म्हणून कुलूप आलं आणि किल्ली औषधं सांभाळणाऱ्या रघुजींकडे गेली. रघुजी पाहुण्यांना मोहनखेड्याला दर्शनाला सोडायला गेले होते. गेल्या वर्षभरात बारा तालमी झाल्या होत्या या रुग्णालयात. बाराही तालमींत फ्रिज उघडलाच नव्हता, त्यामुळे किल्ली कुठे असते हा प्रश्नच कोणाला पडला नव्हता. आत्यालासुद्धा नाही.

तिसऱ्या सिस्टरने रघुजींना फोन लावला, स्पीकरवर. पलीकडे रिंगच्या जागी कुठलंसं भजन वाजायला लागलं, टाळ-मृदंगासकट. एक कडवं झालं. दुसरं सुरू झालं. आत रक्त चाललंय आणि खोलीत भजन. मला ते अजून कधीही ऐकू येतं, नळ सोडला तरी.

आत्याने एक मूठ आतून आणि दुसरा हात पोटावरून, असं दोन हातांच्या मधे रामकन्येचं गर्भाशय दाबून धरलं होतं. औषध येईपर्यंत रक्त रोखायचा तेवढाच मार्ग. ती ओरडली, "कुलूप फोडा! अगो कोणी तरी कुलूप फोडा!" बापूसाहेबांशी बोलायचं मराठी, धारच्या दवाखान्यात. आयुष्यात पहिल्यांदा ती चुकीच्या आवाजात बोलली. सिस्टर एकमेकींकडे बघत राहिल्या. मी किंचाळले, "ताला! ताला तोड़ो!"

आणि दारात सुगनबाई उभी होती. वॉर्डाचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून अर्धी वीट लावलेली असते, ती तिच्या हातात होती. ती रडत नव्हती. तिने कोणाचे पाय धरले नाहीत, कोणाला बोलावलं नाही. विनोदिनी सिस्टरना कोपराने बाजूला सारून म्हणाली, "हट वां से." एक घाव. दोन. तिसऱ्याला कडी स्क्रूसकट उपटून आली. मग ती बाजूला झाली, वीट छातीशी धरून. सकाळी मी केलेली सासू आठवली आणि मला कुठे तोंड लपवू असं झालं.

टच.

"ग्यारह तिरपन," विनोदिनी सिस्टर म्हणाल्या, आणि या वेळी त्यांचा आवाज घोषणेसारखा नव्हता, चिरकला. ड्रिप जोडली. दुसरं एक इंजेक्शन दिलं. आत्याने हात काढले नाहीत. बाराला दोन मिनिटं असताना म्हणाली, "आकसतंय." मग म्हणाली, "कैरीसारखं घट्ट झालं." रामकन्येचे ओठ पांढरे होते, पण तिने डोळे उघडले आणि विचारलं, "छोरी कां है?"

रक्त चढवायला तिला धारला न्यायचं होतं. अ‍ॅम्ब्युलन्स आली. रामकन्या, तिची मुलगी, सुगनबाई आणि विनोदिनी सिस्टर गेल्या. आम्ही उरलो.

रुग्णालयाचे डॉक्टर अक्षत तालुक्याच्या मीटिंगहून धावत आले. तरुण आहेत, चांगले आहेत, सगळं ऐकून खुर्चीत बसले. आत्याने रामकन्येचा कागद मागितला. त्यावर स्वच्छ अक्षरात होतं, ऑक्सीटोसिन दिलं, अकरा बेचाळीस. आत्याने पेन उघडलं.

"दीदी, रहने दो," डॉक्टर म्हणाले. "बाई बच गई ना? अगले हफ्ते जाँच है. आपका ही नंबर एक अस्पताल है ये. काट-छाँट में सब फँसेंगे. ये लड़की सबसे पहले."

जान्हवी भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "दीदी, झूठ नहीं बोला मैंने. मुझे सच में लगा कि दिया. मेरे हाथ को याद है देने का."

आत्या तिच्याकडे वळली. मी तिला इतकी घाबरलेली कधी पाहिली नव्हती, आत रक्त वाहत होतं तेव्हाही नाही. म्हणाली, "बारह बार बुलवाया है तुझसे. मैंने. सामने खड़े होकर. और हर बार नंबर दिए."

तिने बेचाळीसवर एकच रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. शेजारी त्रेपन्न लिहिलं. समासात लिहिलं की अकरा बेचाळीसला औषध दिल्याचं नुसतं म्हटलं गेलं, दिलं गेलं नव्हतं. तालमीत तसं म्हणायला आपणच शिकवलं. आपण दारात उभ्या होतो आणि सहा मिनिटं आपल्या लक्षात आलं नाही. खाली पूर्ण सही. जयवंती नीलकंठ पोतनीस. डॉक्टरांनी कागद वाचला, पुन्हा वाचला आणि त्याखाली आपलीही सही केली.

परतताना गाडीत मी एकही नक्कल केली नाही. ड्रायव्हरभियाने दोनदा आरशात बघितलं. घाट उतरल्यावर आत्याने फोन काढला, स्पीकरवर टाकला आणि एकेका रुग्णालयाला लावायला सुरुवात केली. उरलेली दहा. सगळ्यांना एकच प्रश्न. "ऑक्सीटोसिन के फ्रिज की चाबी इस वक्त किसके हाथ में है?"

पहिली म्हणाली, "होगी दीदी, यहीं कहीं."

दुसरी म्हणाली, "ताला ही नहीं है दीदी. अपन तो खुल्ला रखते हैं." आत्याने हुश्श केलं.

तिसरी म्हणाली, "साहब के पास. साहब छुट्टी पे."

चौथीकडे फ्रिजच बिघडला होता, औषध शेजारच्या खोलीत बर्फाच्या डब्यात, आणि म्हणाली, डब्यावर हात ठेवूनच बोलतेय. पाचवी म्हणाली, "रुकना दीदी, देखती हूँ," आणि चपलांचा आवाज लांब लांब गेला आणि आलाच नाही. सहावी म्हणाली, "मान लो मेरे ही पास है," आणि स्वतःच खूप हसली. एरवी तो आवाज मी घरी जाऊन केला असता.

आत्याने फोन मांडीवर ठेवला. तेवढ्यात तो वाजला. धारहून विनोदिनी सिस्टर होत्या, पण त्यांनी फोन सुगनबाईच्या हातात दिला. सुगनबाई बहुतेक फोनवर फार बोलत नसावी, कारण ती शेतातून हाक मारल्यासारखी बोलली.

"बेनजी! दो बोतल खून चढ़ी ग्यो. अब चा मांगे है."

"दूध पण देजो," आत्या म्हणाली. "घणो सारो." आणि फोन बंद करून खिडकीकडे तोंड केलं. मला वाटलं आता रडेल. मी रुमालही काढला. तिने एकदाच नाक ओढलं.

"भिया, गाडी वळव."

"देवास नी जानो, दीदी? चार बजी ग्या."

"वळव म्हणतें ना."

भियाने ढाब्यापाशी गाडी उलटी फिरवली. आत्याने सहावीला पुन्हा फोन लावला होता. पलीकडे अजून हसण्याचा सूर होता, कोणीतरी मागून चहाला बोलावत होतं.

"बेटा, मैं आ रही हूँ. दो घंटे लगेंगे," आत्या म्हणाली. "चाय छोड़. अभी उठ और चाबी ढूँढ. मिली तो फ्रिज खोल, शीशी गिन, और चाबी लेकर दरवाजे पे खड़ी रहना. नहीं मिली, तो ताला तोड़ दे. मेरे नाम से."